झिजलेल्या गिअरचं मूळ माप



सूत्रसंचालकांनी आत्ता माझी ओळख 'उद्योजक' म्हणून करून दिली. शहाद्याला माझी एक लेथ, एक जुनं मिलिंग मशीन आणि हाताखाली दोन पोरं आहेत. याला उद्योग म्हणायचं असेल तर म्हणा.

माझ्याकडे येतात ते जुने छोटे ट्रॅक्टर. त्यातही एचएमटी 2511 जास्त. एचएमटी म्हटलं की आपल्याला मनगटावरचं घड्याळ आठवतं. पण याच सरकारी कंपनीनं 1971 पासून हरियाणातल्या पिंजोरला, चेकोस्लोव्हाकियाच्या झेटॉरच्या सहकार्यानं ट्रॅक्टर काढले. 2511 म्हणजे दोन सिलिंडर, 25 हॉर्सपॉवर. 2016 मध्ये हा ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय झाला. पण पपईच्या ओळींत शिरणारा, कर्ज केव्हाच फिटलेला ट्रॅक्टर आपल्याकडे कोण भंगारात घालतो? शेतकरी पिशवीतून तुटका भाग आणतो, टेबलावर ठेवतो आणि विचारतो, "व्हई जाई ना, भाऊ?"

इंजिनाचं त्यातल्या त्यात सोपं. झेटॉरनं दोन, तीन आणि चार सिलिंडरची इंजिनं एकाच घराण्यातली आखली होती, त्यामुळे बरेच भाग एकमेकांना चालतात. खरी अडचण गिअरबॉक्सची. आधी भंगारवाले पालथे घालायचे, मग राजकोट, लुधियाना असे फोन. फोटो बघून समोरचा "आहे" म्हणतो, पार्सल येतं आणि आतली स्प्लाइनच वेगळी निघते. मग गिअर घरीच कापावा लागतो.

आपल्याच वर्गातल्या एकाचा असा गिअर मी केला होता. नाव घेत नाही, पण तो मागच्या रांगेत बसून हसतोय. जुना गिअर व्हर्नियरनं मोजला, तेवढाच नवा केला, ईएन 8 पोलादाचा. अकराव्या दिवशी दात गेले. पावसानं उघडीप दिलेली, पेरणी अर्ध्यावर. त्यानं दुसऱ्याचा ट्रॅक्टर भाड्यानं आणला. मी त्याला सांगितलं, "माल खराब लागला." मित्रा, माल चांगला होता. चूक माझी होती. आज पहिल्यांदाच सांगतोय.

झिजलेल्या भागाची हुबेहूब नक्कल केली की झिजेचीही नक्कल होते. समजा, 28 दातांचा गिअर आहे आणि बाहेरचा व्यास 89.2 मिलिमीटर भरतो. दातांच्या संख्येत 2 मिळवा आणि व्यासाला 30 ने भागा. 2.97 येतात. एवढा मॉड्यूल कुणी ठेवत नाही, म्हणजे मूळ 3 असणार आणि नवा असताना व्यास 90. तेवढ्यावरही विसंबायचं नाही. जोडीच्या गिअरला 42 दात असतील तर दोन्ही शाफ्टमधलं अंतर 105 यायला हवं. शाफ्ट दातांसारखा झिजून जवळ येत नाही. आणि हा हिशेब झेटॉरला चालतो, कारण तो मिलिमीटरातला. महिंद्राच्या बी-275 चं मूळ ब्रिटिश, तिथं इंच.

पुढे दात कापताना डिव्हायडिंग हेडचे 40 फेरे 28 ने भागायचे: एक पूर्ण फेरा आणि 21 भोकांच्या वर्तुळावर 9 भोकं. सर, अपूर्णांकांच्या तासाला तुम्ही मला बाकावर उभं केलं होतं. आता दर दाताला मी तीन सप्तमांश करतो.

माझी दुसरी चूक, मी गिअर कठीण केलाच नव्हता. आता 20 एमएनसीआर 5 वापरतो आणि केस हार्डनिंगला नाशिकला पाठवतो. नऊशे अंशांच्या वर भट्टीत कार्बन वरच्या थरात मुरतो. मग विझवला की दात वरून कठीण होतो, गाभा चिवट राहतो. भट्टीतून आल्यावर गिअर थोडा वाकडा होतो, म्हणून भोक मागाहून ग्राइंड करायचं. यात आठवडा जातो. पेरणीच्या तोंडावर आठवडा मागताना जीव वर येतो, पण मागतो.

मित्राला दुसरा गिअर असाच करून दिला. पहिल्याचे पैसे परत देत होतो, त्यानं घेतले नाहीत. त्याचा ट्रॅक्टर अजून चालतो. आज येताना त्यानं हायड्रॉलिकचा काहीतरी भाग पिशवीत घालून आणलाय, खुर्चीखाली ठेवलाय. जेवणं झाली की बघतो.