विहिरीच्या पाण्याची पारख



पगार, बोनस आणि रजा यांवर बोलणाऱ्या माणसाने आज विहिरीच्या पाण्यावर का बोलावे, अशी शंका काहींच्या मनात आली असेल. तिचे उत्तर कारखान्याच्या बॉयलरपाशी आहे. बॉयलरला द्यायचे पाणी आधी तपासतात, मऊ करतात आणि मगच आत सोडतात. कारण पाण्यातल्या क्षारांची पुटे नळ्यांवर चढली की जळण जास्त लागते आणि एखादे दिवशी नळी तापून फुटते. यंत्राची एवढी काळजी! पण ते यंत्र चालवणाऱ्याच्या घरच्या विहिरीचे पाणी जन्मात एकदा तरी तपासलेले असते काय?

पावसाचे पाणी मूळचे मऊ. मातीत मुरताना ते कार्बन डायॉक्साइड घेते, किंचित आंबट होते आणि खडकातले कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळवीत खाली उतरते. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात ही दोन्ही द्रव्ये आहेत. म्हणून विहिरीचे पाणी जड होते. पुस्तकात त्याला दुष्फेन म्हणतात. आपल्या बायकांना ते पुस्तकावाचून कळते. साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ शिजता शिजत नाही आणि बंबाच्या आत पांढरा थर धरतो.

थोडा हिशेब करू. पाण्याचा जडपणा लिटरला 300 मिलिग्रॅम आहे असे धरा. 20 लिटरच्या बादलीत तो 6 ग्रॅम भरला. एवढा जडपणा फेस येण्याआधीच सुमारे 36 ग्रॅम शुद्ध साबण गिळून टाकतो. तोच काढायला कोरडा धुण्याचा सोडा 7 ग्रॅमही लागत नाही. म्हणून कपड्यांच्या पाण्यात आधी सोडा टाकावा, पाणी निवू द्यावे आणि मग साबण लावावा. अर्थात हे पाणी धुण्याचे, पिण्याचे नव्हे.

पिण्याच्या पाण्याचे काय? जडपणाचा एक भाग उकळल्याने जातो. तो चुना होऊन तळाशी बसतो आणि वरचे पाणी गाळून घेता येते. दुसरा भाग उकळून जात नाही. तुरटीने किंवा निवळीच्या बीने गढूळपणा बसतो, जडपणा जात नाही. पण घाबरण्याचेही कारण नाही. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा चांगला, आणि दुसरे पाणी नसेल तर 600 पर्यंत चालतो. जड पाण्याने मुतखडा होतो असे सर्रास म्हणतात, पण ते ठामपणे सिद्ध झालेले नाही.

आता लोखंड. खोल बोअरच्या पाण्याला वारा लागलेला नसतो, म्हणून लोखंड त्यात विरघळून राहते. पाणी वर येते तेव्हा काचेसारखे स्वच्छ दिसते, आणि तासा-दोन तासांत तांबूस होते. अशा पाण्याचा चहा काळपट होतो. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई आपले पूर्वज करीत, त्यातलाच हा प्रकार. लिटरला 0.3 मिलिग्रॅमच्या पुढे लोखंड गेले की धोतरा-पातळांवर डाग पडू लागतात.

उपाय वाऱ्याचाच. भोके पाडलेल्या डब्यातून पाणी उंचावरून धारांनी पडू द्यावे, रात्रभर निवू द्यावे आणि धुतलेल्या वाळूतून गाळावे. लोखंडाचा गंज वाळूत अडकतो. वाळू मात्र वरचेवर धुवावी लागते. आसामात लोखंडाचे पाणी फार. तिथे घरोघर वाळू आणि लाकडी कोळसा यांची गाळणी वापरीत आले आहेत. पाणी आंबट असेल तर नुसता वारा पुरत नाही, तिथे जाणकाराला विचारावे. विहिरीत बुळबुळीत तांबडा गाळ असेल तर ते जंतूंचे काम आहे. मग विहीर उपसून ब्लीचिंग पावडर घालावी लागते.

विकत मिळणाऱ्या यंत्रांत राळेचे मणी असतात. ते कॅल्शियम धरतात आणि सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा कामाला लावायचे. ज्यांना डॉक्टरांनी मीठ वर्ज्य केले आहे, त्यांचे पिण्याचे पाणी यातून घेऊ नये.

आणि एका जादूपासून सावध राहा! विक्रेता दारी येतो, तुमच्या पाण्यात दोन दांड्या बुडवून वीज सोडतो. पाणी तपकिरी होते, गाळ तरंगतो. “बघा, काय विष पिता!” तो गाळ पाण्याचा नव्हे, त्याच्याच लोखंडी दांडीचा. त्याच्या यंत्राच्या पाण्यात क्षार नाहीत, म्हणून त्यातून वीज नीट वाहत नाही. त्यात चिमूटभर मीठ टाकायला लावा. तेही पाणी तपकिरी होईल आणि जादूगार पिशवी आवरील.

मित्रहो, मुद्दा हा आहे. जडपणा आणि लोखंड हे उघड बोलणारे दोष आहेत. ते दिसतात, त्रास देतात. रोगजंतू, नायट्रेट आणि फ्लोराइड मात्र मुके आहेत. पाणी नितळ, चव गोड, आणि तान्ह्या मुलाला किंवा हाडांना अपाय होत असतो. उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट व फ्लोराइड जात नाहीत, उलट आटलेल्या पाण्यात वाढतात. ते तपासणीनेच कळतात. डागाला भिऊन कर्ज काढून यंत्र घ्यायचे आणि तपासणी करायची नाही, हा व्यवहार उलटा आहे.

भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत. एकट्याने गेलात तर उद्या या म्हणतील, कदाचित परवाही. दहा घरांनी मिळून अर्ज करा. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा नमुना द्या. आलेले आकडे विहिरीच्या कठड्यावर रंगवून ठेवा, म्हणजे पाणी भरणाऱ्या प्रत्येकीला ते वाचता येतील. बॉयलरला जो हक्क न मागता मिळतो, तो माणसाने एकजुटीने मागून घ्यावा, एवढेच माझे सांगणे आहे.