लोकांच्या मालकीची वीज : शोनाऊ गावाचा धडा



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात विजेसारखा विषय यावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु पन्नास वर्षे संस्था चालविणाऱ्या समाजाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. वर्गणी जमविणे, तिचा चोख हिशेब ठेवणे, मतभेद असूनही एकत्र राहणे, ही कामे कोणत्याही विश्वस्त संस्थेला करावी लागतात. लोकांनी स्वतः उभारलेल्या वीजसंस्थेलाही नेमकी हीच कामे करावी लागतात. जर्मनीतील शोनाऊ या गावाची हकीकत याची उत्तम साक्ष देते.

शोनाऊ हे ब्लॅक फॉरेस्ट नावाने ओळखल्या जाणाऱ्या डोंगराळ वनप्रदेशातील सुमारे अडीच हजार वस्तीचे गाव. २६ एप्रिल १९८६ रोजी तत्कालीन सोव्हिएत संघातील चेर्नोबिल येथे अणुभट्टीचा स्फोट झाला. त्यातील किरणोत्सारी द्रव्ये वाऱ्याबरोबर शेकडो कोस दूर गेली आणि दक्षिण जर्मनीत पावसातून खाली आली. मुलांना दूध द्यावे की नाही, त्यांना वाळूत खेळू द्यावे की नाही, असे प्रश्न घरोघरी उभे राहिले. त्यातून गावातील काही पालक एकत्र आले. त्यांत मिखाएल स्लाडेक हे डॉक्टर आणि त्यांच्या पत्नी उर्सुला स्लाडेक या शिक्षिका अग्रभागी होत्या. या मंडळींना वीजव्यवसायाचा कसलाही अनुभव नव्हता.

प्रारंभी त्यांनी स्वतःला झेपेल तेवढेच काम हाती घेतले. गावात वीज वाचविण्याच्या स्पर्धा भरविल्या. घरोघरच्या मीटरचे आकडे नोंदवून, सर्वाधिक बचत करणाऱ्या कुटुंबांस बक्षिसे दिली. त्यानंतर वीज वाचविणाऱ्यास लाभ होईल अशी दररचना करावी, अशी विनंती त्यांनी गावाला वीज पुरविणाऱ्या कंपनीस केली. कंपनीने ती मानली नाही. जिचे उत्पन्न अधिक वीज खपण्यावर अवलंबून आहे, तिने कमी खपाला उत्तेजन का द्यावे? येथेच पालकांच्या लक्षात आले की विजेच्या तारा ज्याच्या मालकीच्या, धोरणही त्याचेच.

गावातील वीजवाहिन्या चालविण्याचा कंपनीचा करार १९९४ साली संपणार होता. तो मुदतीपूर्वीच आणखी वीस वर्षांसाठी करून द्यावा, म्हणून १९९० साली कंपनीने गावाला एक लाख मार्क देऊ केले. नागरिकांनी आपसांत वर्गणी काढून तेवढीच रक्कम उभी केली व करार तूर्त करू नये असे सुचविले. १९९१ साली ग्रामपरिषदेने कंपनीच्या बाजूने कौल दिला. नागरिकांनी सार्वमताची मागणी केली आणि सुमारे ५६ टक्के मतांनी तो निर्णय फिरविला. १९९४ साली त्यांनी स्वतःची वीजसंस्था स्थापन केली. १९९५ साली परिषदेने तिला परवाना दिला. तेव्हा विरोधकांनी दुसरे सार्वमत घडवून आणले. मार्च १९९६ मध्ये झालेल्या त्या मतदानात नागरिकांची संस्था ५२.४ टक्के मतांनी जिंकली.

यापुढचा अडथळा पैशाचा होता. व्यापारी मंडळींना त्यातील मेख चटकन कळेल. जुन्या तारा, खांब व यंत्रणा यांचे मोल कंपनीने ८७ लाख मार्क सांगितले. नागरिकांच्या तज्ज्ञांच्या मते ते सुमारे ४० लाख होते. न्यायालयात जावे, तर निकाल लागेपर्यंत वर्षे निघून जाणार आणि लोकांचा उत्साह मावळणार. तेव्हा मंडळींनी दोन वाटा एकाच वेळी धरल्या. स्थानिक भागधारकांच्या भांडवलाला जोड म्हणून सामाजिक कार्यास कर्ज देणाऱ्या एका सहकारी बँकेमार्फत देशभरातून रक्कम जमविली. उरलेल्यासाठी जाहीर देणग्यांचे आवाहन केले. पुढे कंपनीने मागणी उतरवत ५७ लाखांवर आणली. नागरिकांनी हक्क राखून, म्हणजे ‘किंमत मान्य नाही, तूर्त भरणा करतो’ असे नोंदवून पैसे भरले आणि १ जुलै १९९७ रोजी वीजवाहिन्या ताब्यात घेतल्या. पुढे न्यायालयीन प्रक्रियेत योग्य मूल्य बरेच कमी ठरले व जादा गेलेली रक्कम परत मिळाली. हक्क न सोडता व्यवहार पुढे नेणे, हा यातील मोलाचा भाग होय.

ताबा मिळाल्यावर खरी कसोटी सुरू झाली. विरोधात मत देणाऱ्या जवळजवळ निम्म्या गावालाही वीज पुरवायची होती. रात्री दिवे गेले असते, तर ‘आम्ही सांगतच होतो’ असे म्हणणारे शेजारीच होते. जर्मनीतील वीजबाजार १९९८ साली खुला झाल्यावर संस्थेने देशभर स्वच्छ वीज विकण्यास आरंभ केला. ग्राहकाच्या बिलातील दर युनिटमागील एक अल्प हिस्सा बाजूला काढून त्यातून लोकांच्या लहान सौर व अन्य प्रकल्पांना साहाय्य दिले. गावातील प्रोटेस्टंट चर्चच्या छपरावरही सौर पट्ट्या बसल्या. संस्थेने २००९ साली सहकारी रूप धारण केले. उर्सुला स्लाडेक यांना २०११ साली पर्यावरणासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला.

या यशाच्या शेजारी महाराष्ट्राचा एक अनुभव ठेवणे अगत्याचे आहे. तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात मुळा-प्रवरा ही ग्राहकांचीच सहकारी वीजसंस्था कित्येक दशके वीज वितरण करीत होती. ती बाहेरून वीज विकत घेई. अपारंपरिक ऊर्जेशी तिचा संबंध नव्हता, पण मालकी लोकांची होती. वीजखरेदीची थकबाकी आणि वसुलीचा प्रश्न वर्षानुवर्षे चिघळत गेला. २०११ साली परवान्याची मुदत संपली आणि तेथील वितरण महावितरणकडे गेले. मालकी लोकांची झाली म्हणजे शिस्त आपोआप येते, असे मात्र नव्हे. आपल्याच माणसाकडून वसुली करणे सर्वांत अवघड असते, हे पेढीवर बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

यातून एक व्यवहारज्ञान निघते. यंत्रे विकत मिळतात, तंत्रज्ञ पगारावर मिळतात. उधारीवर मिळत नाही तो लोकांचा विश्वास, आणि तो वेळेवर भरलेल्या बिलाने व उघड्या वहीने कमवावा लागतो. गृहनिर्माण संस्था असो, धर्मशाळा असो वा पाठशाळा, छपरावर सौर पट्ट्या बसविण्यापूर्वी शोनाऊप्रमाणे प्रथम स्वतःचे वीजबिल वाचावे आणि अनावश्यक खप कमी करावा. मालकी कोणाची, दुरुस्तीचा खर्च कोणाचा, बचत कोणाच्या खात्यात, हे आधी लिहून ठेवावे. विरोध करणाऱ्याचे म्हणणे सभेत ऐकावे आणि इतिवृत्तात नोंदवावे. कारण काम पूर्ण झाल्यावर दिवा त्याच्याही घरी लागायचा आहे.

एका लहान गावातील पालकांना हे जमण्यास, आपत्तीच्या वर्षापासून ताबा मिळेपर्यंत, अकरा वर्षे लागली. पन्नास वर्षांचा धीर ज्या संस्थेने दाखविला, तिच्या सभासदांना अकरा वर्षे फार वाटू नयेत.

जय जिनेन्द्र.