शाळेची वास्तू: मुलांचा पहिला धडा



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी आपण गतकाळाबद्दल परमेश्वराचे आभार मानतो, हे उचितच होय. परंतु लेवीय ग्रंथात सांगितलेला पन्नासाव्या वर्षाचा नियम पाहिला, तर त्यात उत्सवाइतकाच भूमीचाही विचार आढळतो. त्या वर्षी शेत पडीक ठेवावे व विकलेली जमीन मूळ मालकाकडे परत जावी. कारण भूमी परमेश्वराची आहे, आपण तिच्यावरील पाहुणे. म्हणून बुवापाड्यासारख्या वस्तीत सार्वजनिक शाळेची नवी इमारत बांधावयाची झाल्यास ती कशी असावी, ह्याविषयी चार शब्द बोलणे आज आम्हांस अप्रस्तुत वाटत नाही.

निसर्गाशी जुळवून घेणारी इमारत ही श्रीमंतांची हौस आहे, असा एक समज आहे. आमच्या मते तिची खरी गरज गरिबाच्या लेकराला आहे. ज्याच्या घरावर पत्रा तापतो, त्याला निदान शाळेत तरी सावली व वारा लाभावा. अशा इमारतीस पैशाच्या आधी विचार लागतो, आणि तो पाया खणण्यापूर्वी करावा लागतो. भिंती उभ्या राहिल्यावर त्यांचे तोंड फिरविता येत नाही.

पहिला विचार दिशेचा. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत आपल्याकडे दुपारचा सूर्य जवळजवळ माथ्यावर असतो. त्याचे ऊन छप्पर व वळचण अडविते. परंतु सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन पूर्व-पश्चिमेच्या खिडक्यांतून थेट आत शिरते. ह्यास्तव इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, खिडक्या उत्तर-दक्षिण समोरासमोर असाव्यात, आणि दक्षिणेस रुंद पडवी काढावी. म्हणजे नैर्ऋत्येकडून येणारी झड पडवीतच अडेल व पावसाळ्यातही वर्गात वारा खेळेल.

दुसरा विचार पाण्याचा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी होते. आपल्या भागात वर्षाकाठी २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. म्हणजे ५०० चौरस मीटरच्या छपरावर १० लक्ष लिटर! पहिल्या सरींचे मळके पाणी सोडून द्यावे, पुढचे पन्हळीवाटे हौदात घ्यावे, आणि हौद भरल्यावर उरलेले शोषखड्ड्यातून जमिनीत मुरवावे. सांडपाणी मात्र शुद्ध केल्यावाचून नाल्यात जाऊ नये. ज्या वालधुनीच्या काठी १०६० साली पूर्ण झालेले शिवमंदिर आजही उभे आहे, त्याच नदीत सोडलेल्या रसायनांच्या विषारी वायूने २०१४ साली उल्हासनगरच्या अनेक रहिवाशांना रुग्णालय गाठावे लागले, हे आपण विसरता कामा नये.

हे केवळ मनोराज्य नव्हे. पुण्याजवळ लवळे येथील अवसरा अकादमी ह्या मुलींच्या शाळेत जमिनीखालील नळांतून गार झालेली हवा खोल्यांत येते, आणि उन्हाने तापणाऱ्या उंच धुराड्यांतून गरम हवा वर निघून जाते. सह्याद्रीच्या कुशीत जे साधले, ते आपल्याकडे आपल्या हवामानास साजेल अशा रीतीने का साधू नये?

पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकातून पृथ्वीचा आक्रोश व गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकण्यास ख्रिस्तसभेला सांगितले. शाळेच्या वर्गात हे दोन्ही आक्रोश एकाच बाकावर बसलेले असतात. तेव्हा आपल्यापुढे कोणत्याही नव्या शाळेचा नकाशा येईल, त्या वेळी आपण तीन प्रश्न निर्भयपणे विचारावेत: वारा कोठून येणार? पावसाचे पाणी कोठे जाणार? आणि मे महिन्यात भरदुपारी वीज गेली, तर लहानगे मूल येथे बसू शकेल काय?

ह्या प्रश्नांची उत्तरे देणारी वास्तू पुस्तक उघडण्यापूर्वीच मुलांना सृष्टीचा आदर शिकवील. अशी वास्तू उभारण्याची सद्बुद्धी व चिकाटी दयाघन परमेश्वर आपणां सर्वांस देवो.