इंग्रजी शब्दांचे सोयरसंबंध

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गुणगौरव प्रसंगी केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस इंग्रजीविषयी चार शब्द सांगण्याची आज्ञा केली, तेव्हा प्रथम संकोच वाटला. आमचे स्वतःचे शिक्षण शालान्त परीक्षेपर्यंतचे. त्यावर अध्यापनाची पदविका, एवढीच काय ती शिदोरी. सारी हयात जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवी ते सातवीच्या मुलांस शिकविण्यात गेली. येथे समोर आमच्याहून कितीतरी अधिक शिकलेली मंडळी बसलेली आहेत. तरीही आम्ही होकार दिला. त्याचे कारण फारसे भूषणावह नाही. पण ते आरंभीच सांगून टाकणे बरे.

काही वर्षांपूर्वी आमचा एक जुना विद्यार्थी सहकुटुंब भेटीस आला होता. चहापाणी झाल्यावर तो म्हणाला, "गुरुजी, रागावणार नसाल तर एक सांगतो." नोकरीच्या पहिल्याच महिन्यात त्याने कचेरीसाठी एका पत्राचा मसुदा केला होता. त्यात त्याने 'वुई डिस्कस्ड अबाउट द मॅटर' असे लिहिले. वरिष्ठांनी 'अबाउट'भोवती तांबड्या शाईचे वर्तुळ काढले आणि तो कागद हसत हसत साऱ्या मेजांवरून फिरविला. त्या दिवसापासून कित्येक वर्षे हा मुलगा प्रत्येक पत्र दुसऱ्याकडून लिहवून घेत असे. पुढे पत्रव्यवहाराची जबाबदारी असलेली वरची जागा रिकामी झाली, तेव्हा "मला नको" असे त्यानेच सांगितले. हे सारे सांगून तो शांतपणे म्हणाला, "गुरुजी, तो शब्द तुम्ही फळ्यावर लिहून दिला होता."

त्याच्या बोलण्यात कडवटपणा मुळीच नव्हता. पण त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. तो शब्द आम्ही किती तुकड्यांना लिहून दिला असेल, याची मोजदाद करीत बसलो. वीस तुकड्यांपर्यंत मोजले आणि पुढे मोजणे सोडून दिले.

आता ही चूक आम्ही का केली, ते पाहू. मराठीत आपण 'त्या विषयावर चर्चा केली' अथवा 'त्याविषयी चर्चा केली' असे म्हणतो. 'वर' किंवा 'विषयी' गाळले तर वाक्य लंगडे वाटते. म्हणून इंग्रजी लिहितानाही ती जागा रिकामी ठेवण्यास हात धजत नाही, आणि आपण तेथे 'अबाउट' बसवितो. 'रीच्ड टू मुंबई', 'एंटर्ड इन द रूम', 'रिझेम्बल्स टू हिज फादर' ही सारी याच कुळातली भावंडे. या क्रियापदांना मध्यस्थ लागत नाही. ती आपल्या कर्माशी थेट बोलतात. यात आणखी एक गोम अशी की, क्रियापदाचे नाम झाले म्हणजे मध्यस्थ परत येतो. 'डिस्कशन अबाउट' बरोबर, 'डिस्कस अबाउट' चूक. 'अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह' बरोबर, परंतु 'आय रिक्वेस्ट फॉर लीव्ह' हे सुशिक्षित इंग्रजीत चूक समजले जाते. एकाच घरातील दोघा भावांच्या रीती भिन्न असाव्यात, तसेच हे. मनुष्य फसतो तो येथेच.

मूळ दोष आम्हां शिक्षकांचा. इंग्रजी 'प्रिपोझिशन'ला आम्ही बिनदिक्कत 'शब्दयोगी अव्यय' म्हणतो, आणि मुलाला वाटते की नाव एक म्हणजे वस्तूही एकच. वास्तविक आपल्याकडे हे काम निम्मे विभक्तीचे प्रत्यय करतात आणि तेही नामानंतर येऊन. एकटा 'ने' घ्या. आपण बसने येतो, चाकूने भाजी चिरतो, शाईने लिहितो, थंडीने कुडकुडतो, रस्त्याने चालतो. पूर्वी माणसे तापाने मरत, आणि अजूनही पाहुणा 'आठ दिवसांनी येतो' म्हणून सांगून जातो. आपणांस हा सारा एकच 'ने' वाटतो. इंग्रजीत मात्र बसला 'बाय', चाकूला 'विथ', शाईला 'इन', थंडीला पुन्हा 'विथ', रस्त्याला 'अलाँग', तापाने मरण्याला 'ऑफ' आणि आठ दिवसांना परत 'इन'. सप्तमीचीही तीच कथा. 'सकाळी', 'रात्री', 'सोमवारी' यांत आपली एकच ईकारान्त रूपे. तेथे सकाळीला 'इन', रात्रीला 'ॲट', सोमवारी म्हटले की 'ऑन'. आणि 'सोमवारी सकाळी' म्हटले की सकाळ आपला 'इन' सोडून सोमवारच्या 'ऑन'मागे जाते. फळ झाडावर असते तेव्हा 'ऑन द ट्री', पण पक्षी झाडावर बसला तर 'इन द ट्री'! वर्गात हे सांगितले की मुले म्हणत, "गुरुजी, हा अन्याय आहे." आम्हांस उत्तर सुचत नसे.

उत्तर आपल्याच भाषेत होते, पण ते सुचण्यास आम्हांस निवृत्त व्हावे लागले. आपण शाळेत जातो, मुंबईला जातो आणि घरी जातो. 'घराला जातो' असे आपले चार वर्षांचे मूलही म्हणत नाही. आपण खुर्चीवर बसतो, पण आरामखुर्चीत पहुडतो. हे कोणी शिकविले? कोणत्या नियमाने? मराठी शिकणाऱ्या परक्या माणसास हे सारे अन्यायाचेच वाटत असेल. आपल्या कानांनी ही जोडपी जोडपी म्हणूनच ऐकली, म्हणून आपण चुकत नाही.

याहून सबळ पुरावा हवा असेल तर, वडीलधाऱ्यांची क्षमा मागून, चित्रपटांतला देतो. मराठीत प्रेम 'तुझ्यावर' असते. तरी इंग्रजीत नापास झालेला मुलगादेखील 'आय लव्ह ऑन यू' म्हणत नाही! तोच मुलगा 'वडील माझ्यावर रागावले' याचे 'अँग्री ऑन मी' करतो. तेथे 'विथ' हवे. पहिले वाक्य त्याने अखंड ऐकले होते, दुसरे त्याने सुटे भाग जुळवून तयार केले.

तेव्हा आमचे सांगणे इतकेच आहे की, इंग्रजी शब्द एकटा पाठ करू नये. त्याच्या सोबत्यासह पाठ करावा. वहीत 'अफ्रेड' म्हणजे भ्यालेला, असे लिहू नये. 'अफ्रेड ऑफ डॉग्ज' असे लिहावे. तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवर आमच्या आधीच्या पिढ्या पोसल्या, आणि आम्हांसही त्या पुस्तकाविषयी आदर आहे. परंतु भाषांतर करताना डोळा मराठी प्रत्ययावर राहतो, हा धोका ध्यानात ठेवावा.

या कामी खरा उपयोगी पडतो तो शिकणाऱ्यांसाठी केलेला कोश. त्याचा जन्म इंग्लंडात झाला नाही, ही गोष्ट आम्हांस फार आवडते. ए. एस. हॉर्नबी नावाचे इंग्रज शिक्षक १९२४ साली जपानात शिकवावयास गेले. जपानी भाषेतही संबंध दाखविणारे शब्द आपल्यासारखेच नामानंतर येतात; तेव्हा त्यांच्यासमोरची मुले आपल्या मुलांप्रमाणेच अडखळत असली पाहिजेत. हॉर्नबी यांनी गेटनबी व वेकफील्ड या दोघांसह, परक्या माणसास शब्द वापरता यावा एवढ्याच हेतूने कोश रचला. तो १९४२ साली, ऐन महायुद्धात, टोकियोत निघाला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने तो आपला म्हणून प्रसिद्ध केला. शब्दाचा अर्थ सांगून तो थांबत नाही; त्या शब्दामागे काय येते, हेही सांगतो. इंग्रजी-मराठी कोशात अर्थ पाहून पुस्तक मिटणाऱ्या आमच्यासारख्यांनी तो चाळला असता, तर तो 'अबाउट' फळ्यावर गेला नसता.

केवळ अव्ययांचेच असे आहे, असे नाही. आपण परीक्षा 'देतो'. इंग्लंडात विद्यार्थी ती 'घेतो', म्हणजे 'टेक्स ॲन एक्झाम'. आपण दिवा बंद करतो म्हणून 'क्लोज द लाइट' म्हणू नये. यावर अधिक वेळ घेत नाही.

एक मात्र वधूवर-सूचीविषयी सांगितलेच पाहिजे, कारण यंदाचे अर्ज तपासण्याचे काम आमच्याकडे होते. पुष्कळ पालकांनी ते हौसेने इंग्रजीत भरले आहेत. 'गुड इन मॅथ्स' अनेक ठिकाणी आढळले. तेथे 'ॲट' हवे. 'सिन्स टेन इयर्स'च्या जागी 'फॉर टेन इयर्स' केले. आणि 'सिस्टर मॅरीड विथ इंजिनियर' हे तर पाच अर्जांत होते. आपण लग्न कोणाशी तरी करतो, म्हणून हा 'विथ'. इंग्रजीत मनुष्य 'मॅरीड टू' असतो. आम्ही हे सारे गुपचूप दुरुस्त केले आहे. कोणी वाईट वाटून घेऊ नये. खरे तर ते अर्ज मराठीत भरले असते तरी स्थळे तितकीच आली असती.

चुकीची भीती मात्र बाळगू नका. शनिवार-रविवारच्या सुटीला इंग्लंडात 'ॲट द वीकेंड' म्हणतात, तर अमेरिकेत 'ऑन'. त्यांचेच आपसांत एकमत नाही. बोलताना अव्यय चुकले तर कोणाचे अडत नाही. बोलणेच थांबले तर अडते. कचेरीत कोणाच्या कागदावर तुम्हांस असा शब्द दिसला, तर तो मेजांवरून फिरवू नका. त्या माणसाला बाजूला बोलावून सांगा. आमच्या त्या विद्यार्थ्याला एवढे कोणी केले असते तरी पुरे होते.

तो आता दर महिन्यास आम्हांस एक इंग्रजी पत्र लिहितो, कोणास न दाखविता. आम्ही ते तपासून परत पाठवितो. मागील पत्रात दोन चुका होत्या, आणि त्यांपैकी एक आमचीच निघाली. कोश पाहिल्यावर कळले.

संस्थेच्या वाचनालयात दर रविवारी सकाळी १० ते १२ आम्ही बसत असतो. नोकरीचा अर्ज, शिष्यवृत्तीचे पत्र, काहीही असो, मुलांनी घेऊन यावे. शुल्क नाही. येताना कोरी वही मात्र आणावी. कोश तेथे आहे.