कॉइल लाइन घेताय? आधी मीटरभर पट्टी कापून बघा

हेडफोन लावलेत ना? आजचा विषय लोखंडी आहे. मी सॉफ्टवेअरवाला, पण राहतो पनवेलला. इकडे कळंबोलीचा लोखंड बाजार, तिकडे तळोजा एमआयडीसी. ट्रेलरवर साखळ्यांनी बांधलेल्या कॉइल तुम्ही पण पाहिल्या असतील. प्रेस शॉपमध्ये प्रॉडक्शन मोजायचं सॉफ्टवेअर बसवायला जातो, तेव्हा शेठचा एक प्रश्न ठरलेला असतो: "तू इंजिनियर ना, मग फीडर कुठला घेऊ सांग."

आधी, घ्यायचाच कशाला? छोट्या शॉपमध्ये शीटच्या पट्ट्या कापतात आणि माणूस ती पट्टी हाताने डायखाली सरकवतो. दिवसाला हजारो वेळा. एकदा लय चुकली की बोट गेलं. 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९ पासून वाहन उद्योगातल्या अशा अपघातांवर 'क्रश्ड' नावाचे अहवाल काढते, त्यात पॉवर प्रेस पुन्हा पुन्हा येतो. कॉइल लाइनने स्पीड वाढतो, हे आहेच. पण माझ्या मते मोठी गोष्ट ही की हात डायपासून लांब राहतो. आणि लाइन चुकीची निघाली तर? पट्टी अडकते, माणूस ती हाताने ढकलतो. म्हणजे पैसे गेले आणि हात परत तिथेच.

लाइनमध्ये तीन जण असतात. डिकॉइलर कॉइल उलगडतो, स्ट्रेटनर पट्टी सरळ करतो, फीडर मोजून पुढे ढकलतो. डिकॉइलरचा हिशोब सोपा, वजनाचा. २०० मिलिमीटर रुंद, बाहेरून १२०० आणि आतून ५०८ मिलिमीटर व्यासाची स्टीलची कॉइल साधारण १४५० किलो भरते. एक टनाच्या डिकॉइलरवर ती चढवायची नाही, विषय संपला.

खरी गंमत स्ट्रेटनरमध्ये आहे. ब्रोशरवर लिहिलेलं असतं 'जाडी ३ मिलिमीटरपर्यंत'. पण कुठल्या स्टीलची? पट्टी वाकवायला लागणारा जोर रुंदी, जाडीचा वर्ग आणि स्टीलची यील्ड स्ट्रेंग्थ यांच्या गुणाकाराने वाढतो. म्हणजे २५० एमपीएच्या साध्या स्टीलची ३ मिलिमीटर पट्टी सरळ करणारी मशीन ५०० एमपीएच्या स्टीलवर २.१ मिलिमीटरलाच थकते. आता गाड्यांच्या पार्टमध्ये हाय स्ट्रेंग्थ स्टील वाढतंय, तेव्हा हा प्रश्न विचाराच. उलट बाजूनेही लोचा आहे. जाड मालासाठीचे मोठे, लांब लांब बसवलेले रोल अर्धा मिलिमीटरच्या पट्टीला पुरेसं वाकवूच शकत नाहीत. पट्टी आत जाते तशीच बाहेर येते. त्यामुळे '०.५ ते ६ मिलिमीटर, सगळं चालेल' म्हणणाऱ्या सेल्समनला चहा पाजा, ऑर्डर देऊ नका.

स्ट्रेटनर की लेव्हलर? मीटरभर पट्टी कापून सपाट टेबलावर ठेवा. पूर्ण पट्टी कमानीसारखी वाकली असेल, तर ती कॉइलची गोलाई. स्ट्रेटनर पुरे. कडा झालरीसारख्या लहरत असतील, तर कडेचं स्टील मधल्यापेक्षा लांब झालंय. त्याला बारीक, जास्त आणि मागून आधार दिलेल्या रोलचा लेव्हलर लागतो. तो महाग असतो, म्हणून गरज नसेल तर घेऊ नका. आणि पट्टी तलवारीसारखी बाजूला वळली असेल, तर स्लिटिंगवाल्याशी भांडा. ते या दोन्ही मशीनचं काम नाही. हा तुकडा कॉइलच्या शेवटाकडचाही घ्या. आत गोलाई जास्त घट्ट असते.

आता फीडर. प्रेस मिनिटाला ६० स्ट्रोक, पिच ८० मिलिमीटर. स्ट्रेटनर मिनिटाला ४.८ मीटरने निवांत चालतो. पण फीडरला प्रत्येक सेकंदातला साधारण अर्धाच सेकंद मिळतो. त्यात सुटायचं, पळायचं, थांबायचं, म्हणजे वेग मध्येच मिनिटाला १९ मीटरच्या आसपास जातो. या दोघांमध्ये पट्टीचा झोळ सोडतात. आपल्या भाषेत बफर! झोळाला जागा नसेल तर पट्टीला झटके बसतात आणि पिच चुकते. शॉपमध्ये जागा मोजताना नेमकं हेच विसरतात. पिच छोटी आणि कायम तीच असेल, तर एअर फीडर चालतो. रोज डाय बदलत असेल, तर सर्वो. स्क्रीनवर आकडा टाकला की झालं.

ट्रायलला स्वतःची कॉइल न्या, सगळ्यात जाड आणि सगळ्यात पातळ दोन्ही. आणि एक गोष्ट प्रेसजवळ जाऊन बघा. फीड चुकलं की प्रेस थांबवणारा सेन्सर मिळतो, पण जुन्या की-क्लचच्या प्रेसला तो अर्ध्या स्ट्रोकमध्ये थांबवू शकत नाही. एकदा क्लच लागला की रॅम पूर्ण फेरा मारणारच. तिथे आधी डायभोवती जाळी बसवा, मग फीडरचं कोटेशन मागवा.