दारातली फुलझाडं : पाणी बघून निवड करा

आज पिकाविषयी नाही, तर दारातल्या फुलझाडांविषयी दोन शब्द सांगणार आहे. देवाला रोज चार फुलं लागतात आणि दारही प्रसन्न दिसतं. पण माण, सांगोला, आष्टी अशा कमी पावसाच्या भागात चैत्र आला की पावसाळ्यात हौसेनं लावलेली झाडं माना टाकतात. बायाबापड्यांनी लांबून आणलेलं पाणी आधी माणसांना, मग जनावरांना. फुलझाडाची पाळी शेवटी. तेव्हा फुलाचा रंग पाहून झाड आणू नका. दारात ऊन किती आणि वैशाखात पाणी किती देता येईल, हे आधी पाहा.

प्रथम कुंडीचा विचार करू. लहान डबा उन्हात एका दिवसात वाळतो. त्यापेक्षा २०० लिटरचं जुनं पिंप मधोमध कापून घ्या. तळाला पाच-सहा भोकं पाडा आणि त्यावर विटांचे तुकडे टाका. बाहेरून चुना लावा, म्हणजे पत्रा कमी तापतो. औषध फवारणीचे रिकामे डबे मात्र मुळीच वापरू नका. नुसती काळी माती भरली तर ती पावसात चिकटते आणि उन्हात भेगाळते. दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत व एक भाग वाळू असं मिश्रण करा. वरची दोन बोटं जागा मोकळी ठेवा.

आता झाडं कोणती?

सदाफुली : बारा महिने फुलते आणि शेळी तिला सहसा तोंड लावत नाही. रोपं वीतभर अंतरावर लावा. पाणी साचलं तर मात्र मूळ कुजून मरते. साखरेच्या आजारावर म्हणून काहीजण तिची पानं चावून खातात. तसं करू नका; हे झाड विषारी आहे.

चिनी गुलाब : पानं मांसल असल्यानं पाणी धरून ठेवतात. बोटभर काडी मोडून खोचली तरी जगते. फुलं ऊन आल्यावर उमलतात, म्हणून सावलीत लावू नका. पिंपाच्या कडेनं लावा.

कोरांटी : काटेरी आणि चिवट. हिवाळ्यात भरपूर फुलते. फुलं सरली की छाटणी करा.

बोगनवेल : हिला वेगळं पिंप द्या. जास्त पाणी दिलं तर पालाच वाढतो. थोडी तहानलेली ठेवली की फुलांनी लगडते.

गुलाब, शेवंती यांना पाणी आणि निगा दोन्ही जास्त लागतं. विहिरीला बारमाही पाणी असेल तरच लावा. कण्हेर काटक आहे खरी, पण तिची पानं जनावराच्या पोटात गेली तर जनावर दगावतं. वैरणीजवळ किंवा लहान मुलांच्या हाताशी ती नको.

पाणी रोज घालायची गरज नाही. मातीत बोट दोन पेरं खुपसून पाहा. ओल लागली तर पाणी थांबवा. कोरडं लागलं तर सकाळी किंवा सांजेला सावकाश पाणी द्या. मातीवर पाचट किंवा भुसकट दोन बोटं जाड पसरा. असं आच्छादन असेल तर अशा काटक झाडांच्या अर्ध्या पिंपाला भर उन्हाळ्यातही साधारण तीन-चार दिवसांनी एक कळशी पुरते. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी चालतं, साबणाचं नको. युरिया टाकू नका, त्यानं पानं माजतात आणि फुलं कमी येतात. पावसाळ्याच्या तोंडी दोन ओंजळी शेणखत दिलं की झालं.

यंदा मृगाचा पाऊस झाला की एकच पिंप भरा : मध्ये सदाफुली, कडेनं चिनी गुलाब. ते पुढचा उन्हाळा निभावून गेलं, की मगच दुसरं भरा.