कॉटन मार्केट नावाचं स्टेशन

(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



मी गेल्या महिन्यात नागपूरच्या मेट्रोत बसलो. खापरीला चढलो, बर्डीला गाडी बदलली. गाडी चांगली आहे. थंडगार, स्वच्छ. चांगल्याला वाईट म्हणायला मी इथे उभा नाही. बर्डीच्या पुढचं स्टेशन आलं आणि पाटी दिसली : कॉटन मार्केट. म्हटलं, आपल्या नावाचं स्टेशन आहे, उतरून पाहू तरी. खाली भाजीबाजार. वांगी, पालक, सांभार. कापसाचं बोंड औषधालाही नाही. आणि समजा, तिथे आजही कापूस विकत असते, तरी गाठोडं घेऊन त्या गाडीत कोण चढलं असतं? ती गाडी त्यासाठी बनवलेलीच नाही.

हे सांगायचं कारण, तीच मेट्रो आता आपल्या शिवाराकडे येते आहे. ७ डिसेंबर २०२२ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने दुसरा टप्पा मंजूर केला. ४३.८ किलोमीटर, ३२ स्टेशनं, खर्च ६,७०८ कोटी. एक फाटा कन्हानला, एक हिंगण्याला, एक ट्रान्सपोर्ट नगरला आणि सगळ्यात लांब फाटा मिहानपासून बुटीबोरीला. नकाशा पाहिला तर दोन्ही बाजूंना अजून पऱ्हाटीची वावरं दिसतात. म्हणून गावात कोणी म्हणतो आता आपलं भलं झालं, कोणी म्हणतो पोरं कंपनीत वेळेवर पोचतील. पोरं पोचतील, हे मला मान्य आहे. माझा प्रश्न पोरांच्या बापाचा आहे.

जरा हिशेब करू. ६,७०८ कोटींना ४३.८ ने भागा. एका किलोमीटरला १५३ कोटी. आता आपल्या पांदण रस्त्याकडे या. काळ्या मातीचा रस्ता, मृगाचा पाऊस पडला की बंडीचं चाक आसापर्यंत रुततं. खत डोक्यावर न्यायचं आणि परतीचा पाऊस लांबला तर वेचलेला कापूसही डोक्यावरच आणायचा. खडीकरणाला किलोमीटरमागे पंचवीस लाख धरा. मेट्रोच्या एका किलोमीटरच्या पैशात सहाशे किलोमीटर पांदण होते. एका किलोमीटरच्या! २०२१ साली राज्य सरकारने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना काढली आणि ती रोजगार हमीशी जोडली. म्हणजे मजुरीचे ६० आणि सामानाचे ४० हे प्रमाण जुळावं लागायचं. मेट्रोच्या खांबाला कोणी विचारलं का, तुझं ६०:४० जुळतं का?

पैसा कुठून येतो हेही पाहा. मेट्रोच्या पहिल्या टप्प्याला जर्मनी आणि फ्रान्सच्या सरकारी बँकांनी कर्ज दिलं. कर्ज काढण्यात पाप नाही. आपण सगळे काढतो. पण शहराने काढलं की त्याला गुंतवणूक म्हणतात, आपण काढलं की गावच्या फलकावर थकबाकीदार म्हणून नाव लागतं. असो.

कोणी म्हणेल, रेल्वे शेतमालासाठी कधी नव्हतीच. होती. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही शकुंतला इंग्रज कंपनीने टाकली ती कापसासाठी. कापूस मुंबईला आणि पुढे विलायतेला न्यायचा होता. हेतू आपल्या भल्याचा नव्हता, पण निदान मोजताना त्यांनी कापूस मोजला आणि त्याच गाडीत माणूसही बसला. ती शकुंतला आज बंद आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड हा २८४ किलोमीटरचा मार्ग २००८-०९ चा मंजूर. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यावर गाडी धावली ती वर्ध्याहून कळंबपर्यंत. आणि नागपूर मेट्रोचं भूमिपूजन ऑगस्ट २०१४ चं, पहिला टप्पा डिसेंबर २०२२ ला पुरा. पैसा नाही, तंत्र नाही, असं आता कोणी सांगू नये. आठ वर्षांत होतं. कोणासाठी करायचं एवढंच ठरवावं लागतं.

आता खरा धोका, आणि तो जमिनीचा आहे. नागपुरात पहिल्या टप्प्याच्या मार्गालगत ५०० मीटरच्या पट्ट्यात चारपर्यंत चटई निर्देशांक देण्याचं धोरण आलं. सोप्या भाषेत, जमिनीच्या चौपट बांधकाम. म्हणजे गाडी येण्याआधी भाव येतो. तो भाव कोणाच्या खिशात जातो? आमच्या गावात एका भावाने गेल्या वर्षी रस्त्यालगतचं तीन एकर वावर विकलं. मुलीचं लग्न होतं, सोसायटीचं देणं होतं. त्याने एकराने विकलं. घेणाऱ्याने सहा महिन्यांत चुन्याच्या रेघा मारल्या आणि फुटाने विकायला काढलं. नकाशा त्याच्याकडे आधी होता, आपल्या भावाकडे नव्हता. तो भाऊ आज इथेच बसला आहे. त्याला विचारूनच मी हे सांगतो.

मी कोणाला जमीन विकू नका म्हणत नाही. ज्याची जमीन त्याचा निर्णय. पण दलालाच्या तोंडच्या नकाशावर इसार घेऊ नका. मार्ग कुठून, स्टेशन कुठे, कोणते गट नंबर पट्ट्यात येतात, हे आधी ग्रामसभेपुढे लेखी आलं पाहिजे.

ठरावात मी दोन गोष्टी आणखी घातल्या आहेत. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत, वेचणीच्या दिवसांत, सकाळची एसटी रद्द होता कामा नये. वेचणीला बायका पलीकडच्या गावांतून येतात. गाडी चुकली की दिवस बुडतो आणि फुटलेला कापूस झाडावर राहतो. दुसरी, बुटीबोरीच्या मार्गावर जिथे स्टेशन होईल तिथे भाजी-दूध घेऊन येणाऱ्यासाठी माल उतरवायची जागा नकाशातच दाखवावी. मागाहून नाही, मागाहून तिथे पार्किंग होतं.

ठरावाचा कागद या टेबलावर आहे. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तो प्रत्येक गावाने मांडायचा आहे. ज्याला पटलं त्याने गावाचं नाव घालून प्रत घेऊन जावी. ज्याला पटलं नाही त्याने आधी इथे उभं राहून बोलावं, मी खाली बसतो.